तत्त्वज्ञानाचं पहिलं पुस्तक

आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी यंदा कॉलेजात गेली. तिनं तत्त्वज्ञान हा विषय घेतला आहे. परवा दारात उभी राहून म्हणाली, ''चाचा, तुम्ही बी.ए.ला फिलॉसॉफी घेतली होती ना? मग सांगा, पहिलं पुस्तक कोणतं वाचू?''

मी तिला आठवडाभरानं ये म्हटलं. कारण या प्रश्नाचं उत्तर मी एकदा घाईत दिलं होतं. तेव्हा विचारणारा माझा धाकटा भाऊ होता. मी नुकताच पदवीधर झालेलो, आणि पदवीचा ताठा असा की कांटचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ त्याच्या हाती दिला. चार दिवसांनी तो माझ्या उशाशी ठेवून गेला. त्यानंतर त्यानं माझ्याकडे कधीच पुस्तक मागितलं नाही. आज त्याचं गॅरेज छान चालतं, पण घरात वर्तमानपत्राखेरीज छापील कागद सापडायचा नाही. यात माझा वाटा किती, हे मला अजून ठरवता येत नाही.

तर मित्रहो, नवख्याच्या हाती काय द्यावं, हा पेच फार जुना आहे. साडेसतराशे वर्षांपूर्वी रोममध्ये प्लॉटिनस नावाचा तत्त्वज्ञ शिकवत होता. पॉर्फिरी हा त्याचा शिष्य, मूळचा आजच्या लेबनॉनमधल्या टायर शहराचा. हा शिष्य इतका खिन्न झाला की जीव देण्याचे विचार मनात घोळू लागले. गुरूनं ते ओळखलं आणि त्याला हवापालटासाठी रोम सोडायला लावलं. पॉर्फिरीनंच गुरूच्या चरित्रात हे लिहून ठेवलं आहे. तो सिसिली बेटावर गेला. जुने टीकाकार सांगतात की इकडे रोममध्ये त्याचा क्रिसाओरियस नावाचा मित्र अरिस्टॉटलचं पुस्तक उघडून बसला होता आणि त्याला त्यातलं काही उमगत नव्हतं. त्यानं पत्र पाठवून मदत मागितली. पॉर्फिरीनं उत्तरादाखल एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'इसागोगे', म्हणजे 'प्रवेश'.

त्यात पाचच शब्द समजावले आहेत. प्राणी ही मोठी जात, माणूस ही त्यातली पोटजात. विचारशक्ती माणसाला इतर प्राण्यांपासून वेगळं करते. हसता येणं हा त्याचा खास गुण. आणि तो आत्ता झोपला आहे, हा केवळ योगायोग. बस्स, एवढंच. पण सुरुवातीलाच पॉर्फिरीनं एक प्रश्न बाजूला ठेवला. 'प्राणी' किंवा 'माणूस' अशी जात खरोखर जगात असते, की ती फक्त आपल्या मनात असते? हे खोल पाणी आहे, नवख्यानं आत्ताच त्यात उतरू नये, असं त्याचं म्हणणं.

गंमत पाहा. सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियसनं हे पुस्तक लॅटिनमध्ये नेलं. त्यानंतर युरोपातले विद्वान कित्येक शतकं नेमक्या त्याच बाजूला ठेवलेल्या प्रश्नावर भांडत राहिले. बाराव्या शतकात अबेलार्ड या तरुणानं पॅरिसमध्ये याच मुद्द्यावर आपल्या गुरूला मत बदलायला लावलं. लेखक जे सांगत नाही, तेच वाचकाला पछाडतं, हे आम्हा कवींना नवीन नाही!

पुस्तकाचं नाव अरबीतही गेलं. तेराव्या शतकात अल-अबहरी या पंडितानं तर्कशास्त्राचा सारांश लिहिला, तोही 'ईसागोजी' म्हणूनच ओळखला जातो. लखनौच्या फिरंगी महलातल्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावानं चालत आलेल्या 'दर्से निजामी' अभ्यासक्रमात ते पुस्तक आहे. आमचे मामू मदरशात शिकलेले. त्यांना 'ईसागोजी'ची पानंच्या पानं पाठ होती. हा शब्द मूळचा ग्रीक, असं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग खूप हसले.

आमच्या शेजारी एक निवृत्त शास्त्रीबुवा राहत. त्यांच्याकडे मी हौसेनं 'तर्कसंग्रह' शिकलो. सतराव्या शतकात आंध्रातून काशीला गेलेल्या अन्नंभट्टांनी तो लिहिला. बालकांना सुखानं कळावं म्हणून लिहितो, असं ते आरंभीच सांगतात. हा बालक म्हणजे दूधपिता नव्हे, असा खुलासा टीकाकार करतात. ज्यानं व्याकरण, काव्य, कोश वाचले आहेत पण न्याय वाचलेला नाही, तो बालक. शास्त्रीबुवा हे सांगून माझ्याकडे पाहत आणि म्हणत, ''म्हणजे तुम्ही अजून बालकही नाही!''

या पुस्तकाची एक देखणी आवृत्ती मुंबईत 1897 साली निघाली. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी केलेलं संपादन त्यांच्या निधनामुळे मागे राहिलं होतं. महादेव राजाराम बोडस यांनी प्रस्तावना जोडून ते पुरं केलं. पॉर्फिरीनं टाळलेल्या प्रश्नाचं उत्तर अन्नंभट्ट एका ओळीत देऊन मोकळे होतात. जात खरीच आहे, कायमची आहे, एकच असून अनेकांत राहते. मला मात्र पॉर्फिरीचं मौन जास्त आवडतं.

विसाव्या शतकात ही पुस्तकं बाजारात आली. 1912 साली बर्ट्रांड रसेलचं 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी' एका शिलिंगच्या मालेत निघालं. एका साध्या टेबलापासून ते सुरू होतं आणि मध्यावर तोच जातीचा प्रश्न चक्क नवख्यांपुढे मांडतं. 1926 सालचं विल ड्यूरांटचं 'द स्टोरी ऑफ फिलॉसॉफी' आधी पाच-पाच सेंटच्या पुस्तिकांच्या रूपानं अमेरिकेत खपलं होतं. वाचायला ते कादंबरीसारखं आहे. पण अरिस्टॉटलवरून ते जवळजवळ थेट बेकनवर उडी मारतं. मी त्यात हौसेनं इब्न सीनाला शोधायला गेलो आणि हात हलवत परत आलो.

आठवडा संपला, मुलगी आली. ड्यूरांट तिला पुढे केव्हाही वाचता येईल. रसेल मी तिला दिला, पण आधी माझी जुनी वही काढली. शास्त्रीबुवा शिकवत तेव्हा मी 'तर्कसंग्रह' तिच्यात मराठीत उतरवून घेतला होता. ओसरीवर बसून तिला अनुमान समजावलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे. जिथं धूर तिथं आग, जसं स्वयंपाकघरात.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ''पण चाचा, उलट धरून नाही चालणार. आमच्याकडे गॅस आहे. आग असते, धूर नसतो.''

मी वहीचं पुढचं पान उलटलं. त्यावर शास्त्रीबुवांनी सांगितलेली ओल्या लाकडाची गोष्ट होती. आगीला धूर कधी असतो आणि कधी नसतो, ते तिथं लिहिलेलं होतं. वही तिनं माझ्या हातून घेतली आणि स्वतःच वाचू लागली.