पोवाडा राहिला, चित्रपट गेला

मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता पोलादपूर सोडल्यावर कशेडीच्या घाटाला लागतो. घाटाच्या अलीकडे रायगड जिल्हा आणि पलीकडे रत्नागिरीचा खेड तालुका. आतां डोंगराच्या पोटांतून बोगदा झाल्यानें पुष्कळसे प्रवासी घाटाचीं वळणें न पाहतांच पलीकडे उतरतात. याच पोलादपूर तालुक्यांत उमरठ नांवाचें गांव आहे. तानाजी मालुसरे आणि शेलारमामा यांच्या समाधि तेथें दाखवितात. सन १६७० च्या फेब्रुवारींत सिंहगडावर पडलेल्या तानाजीचा देह ज्या वाटेनें कोंकणांत उतरविला, तीच मढे घाटाची वाट, अशी परंपरा आहे.

या पराक्रमाची कथा महाराष्ट्रानें प्रथम ऐकली ती पोवाड्यांतून. तुळसीदास शाहिराचा सिंहगडचा पोवाडा गोंधळ्यांच्या मुखीं पिढ्यान् पिढ्या होता. परंतु मुखाचा भरंवसा किती धरावा? एकवर्थसाहेब व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं गायकांकडून जुने पोवाडे उतरवून घेऊन १८९१ सालीं छापले, तेव्हां कोठें त्याला कागदाचें घर मिळालें. आज कोणत्याहि बऱ्या ग्रंथालयांत तो वाचावयास सांपडतो.

पुढें हरि नारायण आपटे यांनीं तीच कथा कादंबरींत आणली, आणि त्या कादंबरीवरून कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं १९२३ सालीं ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. रात्रीच्या लढाईसाठीं त्यांनीं कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला, ही त्या काळीं मोठीच नवलाई होती. शेलारमामाची भूमिका करणारा तरुण पुढें व्ही. शांताराम या नांवानें प्रसिद्धीस आला. आज हा ‘सिंहगड’ पाहावयास मिळत नाहीं. शेंकडों वर्षांचा पोवाडा हातीं आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीचा चित्रपट मात्र नाहींसा झाला आहे.

असें कां झालें, याचें निम्में उत्तर फितीच्या घडणींतच आहे. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती फार लवकर पेट घेते, आणि पेटली म्हणजे पाण्यानेंहि विझत नाहीं. न पेटली तरी उष्ण व दमट हवेंत ती हळूहळू चिकट होते आणि शेवटीं तिची भुकटी होते. उरलेलें उत्तर बाजारांत आहे. फितींत रुपें असे, आणि चित्रपटाचा धंदा संपला म्हणजे कित्येक मालक त्या रुप्यासाठींच रिळें विकून टाकीत. भारतांत सुमारे १,३०० मूकपट निघाले. त्यांपैकीं अखंड वा तुटक स्वरूपांत उरलेले तीसएक भरतात. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा, तोहि गेला.

फेब्रुवारी १९६४ मध्यें पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, तेव्हां हा नाश बहुतेक होऊन चुकला होता. पी. के. नायर यांनीं पुढें कित्येक वर्षें घरोघर, गोदामोगोदाम हिंडून उरलेलें गोळा केलें. दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ या १९१९ च्या चित्रपटाचे तुकडे मिळाले, पण त्यांचा क्रम कोण सांगणार? तेथें फाळक्यांच्या हातच्या टिपणवहीचा आधार झाला, आणि मंदाकिनी फाळके या बालिकेनें केलेला कृष्ण पुन्हां पडद्यावर आला. त्या प्रसंगीं वहीची किंमत फितीइतकीच ठरली. सूची करणें हें कारकुनाचें रुक्ष काम आहे असें जे मानतात, त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

संग्रह केला म्हणजे भय संपतें असेंहि नाहीं. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांत प्रभातच्या जुन्या आवारांतील कोठाराला आग लागली आणि ६०० च्या वर चित्रपटांचीं सुमारे ५,००० नायट्रेट रिळें जळालीं. ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र होती तीं चित्रें वांचलीं. ज्यांची नव्हती त्यांचें नांवच तेवढें उरलें.

आतां डिजिटल युग आलें, तेव्हां ही चिंता मिटली असें पुष्कळांस वाटतें. तो भ्रम आहे. एका चित्रपटाचें उत्तम प्रतीचें अंकीकरण केलें तर त्यास कित्येक टेराबाइट जागा लागते. तो ठेवा ज्या चुंबकीय फितींवर जपतात, त्यांच्या नव्या पिढीचीं यंत्रें एकदोन पिढ्यांपलीकडची जुनी फीत वाचीत नाहींत. म्हणून दर कांहीं वर्षांनीं सारा संग्रह नव्या फितींवर उतरवावा लागतो. उतरवितांना एक अंकहि बदलला नाहीं ना, हें पाहण्यासाठीं प्रत्येक संचिकेची एक गणिती खूण काढून ठेवतात आणि नकलेची खूण तिच्याशीं जुळवून पाहतात. जुने कारकून बेरजेचा ताळा पाहत, तोच हा प्रकार. एक प्रत निराळ्या गांवीं ठेवावी हा नियमहि आगीनेंच शिकविला आहे.

शाळा-महाविद्यालयांची स्थिति अधिक नाजूक आहे. पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ मध्यें शैक्षणिक चित्रफिती काढण्यासाठीं निघाली आणि २०१७ मध्यें बंद झाली. अशा संस्थेच्या मागें राहतात त्या चुंबकीय फिती. त्यांचीं यंत्रें बाजारांतून गेलेलीं, दुरुस्त करणारे हात विरळ, आणि फितीवरचा लेप वर्षागणिक सुटत चाललेला. नायट्रेटच्या रिळासारखी ती भडकून पेटत नाहीं, म्हणून तिच्या नाशाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं एवढेंच.

‘सिंहगडा’चें एखादें रीळ कोल्हापुरांत वा कशेडीखालच्या एखाद्या घराच्या माळ्यावर उद्यां सांपडलेंच, तर तें यंत्रावर चढवून पाहण्याची घाई करूं नये. डबा उन्हांत ठेवूं नये, दिव्याजवळ नेऊं नये. आणि तो जाणत्यांच्या हातीं पोंचण्यापूर्वीं झांकणावरच्या चिठ्ठींतील मजकूर जसाच्या तसा कागदावर उतरून घ्यावा.