हिंगण्याच्या आश्रमाच्या तीन साक्षी

आमच्याकडील संग्राहकांस सनदा, महजर आणि वतनपत्रें यांचा जितका लोभ, तितका गेल्या दीडशें वर्षांतील शाळांच्या कागदांचा नाहीं. शिक्क्याचा कागद वाळवीनें खाल्ला तर आम्ही हळहळतों. मुलींच्या शाळेचें हजेरीपत्रक रद्दींत गेलें तर कोणासच खंत वाटत नाहीं. यास्तव मुख्यतः लोकांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या एका स्त्रीसंस्थेच्या साधनांकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संस्था सर्वांच्या परिचयाची आहे. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथबालिकाश्रमाची मंडळी स्थापिली. १९०० सालीं आश्रम पुण्याबाहेर हिंगणें येथें गेला. १९०७ सालीं महिलाविद्यालय निघालें. तिची हकीकत तिघांनीं लिहून ठेविली. कर्वे यांचें आत्मवृत्त १९१५ चें, पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ ची आणि कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया यांचें ‘माझें पुराण’ १९४४ चें. पार्वतीबाई ह्या आनंदीबाईंच्या धाकट्या भगिनी, देवरुखच्या जोशी घराण्यांतल्या. एका वाड्याचे तीन महजर हातीं यावे, तसा हा योग आहे.

तिघांचा सूर एक नाहीं. संस्थापक हिशेबी आणि संयमी. आनंदीबाईंचें लिहिणें घरच्या बाजूचें. १८९३ सालच्या पुनर्विवाहामुळें त्यांस बहिष्कार सोसावा लागला. आणि आश्रम पुनर्विवाहासाठींच काढिला आहे असा संशय लोकांस येऊं नये म्हणून त्यांस आश्रमापासून दूर राहावें लागलें. ज्या संस्थेपायीं घरचा पैसा गेला तिच्याच दारांत गृहिणीस स्थान नसावें, ही गोष्ट वार्षिक अहवालांतून कशी कळावी?

परंतु आश्रम आंतून पाहावयाचा तर पार्वतीबाईंच्या ग्रंथावांचून गत्यंतर नाहीं. १८७० चा त्यांचा जन्म. विसाव्या वर्षीं वैधव्य, पदरीं एक मुलगा. पुढें त्या आश्रमांत आल्या, शिकविलें, तेथील व्यवस्थापिका झाल्या आणि वर्गणीसाठीं गांवोगांव फिरल्या. केशवपन केलेल्या विधवेच्या वेषांतच त्या पुष्कळ वर्षें वावरल्या. १९१२ सालीं त्यांनीं तो प्रघात सोडून केस राखिले. केशवपनावर सुधारकांनीं लिहिलेले लेख शेंकड्यांनीं मिळतील. पण विधवांच्या संस्थेच्या प्रमुख बाईनें स्वतःच्या मस्तकावर तो वाद निकालांत काढिला, हा पुरावा निराळ्या मोलाचा. त्याचा वर्गणीवर काय परिणाम झाला हें ठरविण्यास १९११ ते १९१३ च्या वर्गणीच्या याद्या शेजारीं मांडल्या पाहिजेत. केवळ कहाणीवरून तर्क करणें आम्हांस मान्य नाहीं.

१९१८ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या इंग्रजी शिकण्यास अमेरिकेस गेल्या; तेथें परक्यांच्या घरीं घरकाम केलें आणि १९२० सालीं परतल्या. त्यांच्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १९३० सालीं प्रसिद्ध झालें. भाषांतरकार जस्टिन ऍबट. महिपतीच्या संतचरित्रांमुळें हें नांव आमच्या वाचकांस नवें नाहीं.

एवढा प्रवास करूनही सर्वच मुलींनीं उच्च इंग्रजी शिक्षण घ्यावें असें त्यांस वाटलें नाहीं. बहुतेकींस गृहकृत्य आणि मातृपद यांस उपयोगी असेंच शिक्षण हवें, असें त्या लिहितात. आणि १९१६ मध्यें तर त्याच हिंगण्याच्या परिसरांतून महिलाविद्यापीठ निघालें होतें! आजच्या वाचकास हें मत रुचणार नाहीं. तथापि संस्थेच्या आंत दोन विचार एकत्र नांदत होते हें त्यावरून कळतें, आणि चरित्रकार बहुधा तेवढेंच गाळतात.

आठवणींतील सालें मात्र तपासून घ्यावींत. त्यासाठीं छापील अहवाल पुरत नाहींत; वर्गणीच्या पावत्या, मुलींचीं घरीं धाडलेलीं पत्रें, प्रवेशाचे अर्ज हवेत. असे कागद संस्थेच्या कपाटांत जितके सांपडतील, तितकेच वर्गणीदारांच्या आणि विद्यार्थिनींच्या घरींही सांपडण्याचा संभव आहे. आमचे संग्राहक दप्तरांच्या शोधांत ठाणें जिल्ह्यांतील शहापूर-मुरबाडकडे, सापगावासारख्या गांवींही जातात. तेथें कुळकर्ण्याचें दप्तर सोडतांना तळाशीं एखादी आश्रमाची पावती निघाली तर ती बाजूस टाकूं नये. तिच्यावरील नांव, रक्कम आणि तारीख उतरून घ्यावी, पाकीट असल्यास तेंही जपावें, आणि कागद ज्या रुमालांत सांपडला त्याची नोंद करावी.