शरणपूरचे खांदेकरी

शरणपूर रोड नाशिकमधे कुणाला माहीत नाही? रात्रपाळी सुटली की मी त्याच रस्त्यानं सायकल हाणत घरी येतो. पण शरणपूर म्हणजे काय, तिथं कोण कुणाला शरण आलं, हे बरीच वर्षं मला कुणी सांगितलं नाही. नाशिकचा इतिहास म्हटला की पंचवटी, गोदाकाठ नि पेशवे. २ मार्च १९३० चा काळाराम सत्याग्रहसुद्धा आपण बोलत राहिलो म्हणून त्यात आला.

तर ऐका. १८५० नंतरच्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड प्राइस यांनी शहराबाहेर ख्रिस्ती लोकांचं एक गाव वसवलं. धर्म बदलला की माणसाचं घर तुटायचं, काम तुटायचं. म्हणून तिथं प्रार्थनेच्या जोडीला शाळा आली, हातकामाचं शिक्षण आलं. पुढं त्याच गावात आफ्रिकेची पोरं आणली गेली. गुलाम म्हणून गलबतांत कोंबलेली, इंग्रजी आरमारानं समुद्रात सोडवलेली, मुंबई बंदरात उतरवलेली. आईबाप मागं राहिले, भाषा मागं राहिली, नावंसुद्धा. शरणपूरच्या पोरांना साहेबी नावं मिळाली. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरार, एडवर्ड गार्डनर. दुसऱ्यानं ठेवलेलं नाव जन्मभर वागवायचं, हे धोंड्या-कचऱ्याच्या नातवंडांना काय समजावून सांगायचं!

१८६६ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत शिरला तेव्हा त्यानं नाशिकची नऊ पोरं बरोबर नेली. गार्डनर त्यातला. जेकब, मॅथ्यू, कॅरस हे १८७२ साली जाऊन मिळाले. मे १८७३ च्या सुरुवातीला, आज जिथं झांबिया देश आहे तिथल्या चितांबो गावात लिव्हिंग्स्टन मेला.

आता विचार करा. साहेब मेला. हुकूम देणारा गेला, पगार देणारा गेला. तिथंच माती देऊन आपापल्या वाटेनं गेले असते तर कोण विचारणार होतं? पण त्यांनी आपसात ठरवलं, देह त्याच्या माणसांत पोचवायचा. काळीज काढून झाडाखाली पुरलं. जेकबनं दफनाची प्रार्थना वाचली, खोडावर अक्षरं कोरली. देहाला मीठ लावलं, उन्हात वाळवला, कापडात नि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि खांद्यावर घेऊन चालू लागले. म्होरके सुसी आणि चुमा. चुमा मुंबईच्या मिशनशाळेत शिकलेला. सगळे काही ख्रिस्ती नव्हते, मुसलमानही होते. वाटेत रोगराई होती, मढं म्हणून वाट अडवणारी गावं होती. ऑक्टोबर १८७३ मधे कॅमेरून नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, इथंच पुरा. हे म्हणाले, नाही. हजाराहून जास्त मैल तुडवून फेब्रुवारी १८७४ मधे ते बागामोयोच्या किनाऱ्याला लागले.

पुढं काय झालं? पगार चुकता करून बहुतेकांना तिथूनच वाटेला लावलं. शवपेटीबरोबर विलायतेला गेला तो जेकब. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यानं खांदेकऱ्यांत उभं राहून आपलं काम पुरं केलं. तिथल्या दगडावर कोरलंय की विश्वासू हातांनी हा देह आणला. हातांचा उल्लेख आहे. हात कुणाचे, ते नाही.

एक दोस्त मला म्हणाला, "यात काय मोठेपणा? साहेबाचं मढं वाहिलं. गुलामीच ना?" मलाही आधी तसंच वाटलं. माझा आजा मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळायचा, पाटलाचं मेलेलं ढोर ओढायचा. ती वेठ होती. नाही म्हणायची सोय नव्हती. १९५८ च्या कायद्यानं महारवतन गेलं, तरी त्याच्या खांद्यावरचा वळ गेला नाही. पण शरणपूरच्या पोरांना हुकूम करायला कुणी जिवंत नव्हतं. जो जिवंत गोरा भेटला त्याचं त्यांनी ऐकलं नाही. ओझं दिसायला सारखंच. एक लादलेलं, दुसरं स्वतःहून उचललेलं. माझ्या मते माणूस आणि गुलाम यांच्यात फरक आहे तो एवढाच.

ख्रिस्ती बांधव 'पाचारण' हा शब्द वापरतात. देवानं माणसाला कामाला बोलावणं. मी त्यांच्या देवळातला नाही, बाबासाहेबांच्या वाटेचा आहे. पण हा शब्द मला या पोरांमुळं कळला. मुकादम नसताना आपण काय करतो, ते पाचारण. १८७५ च्या सुमाराला शरणपूरचे बरेच आफ्रिकी लोक मोंबासाजवळच्या फ्रीअरटाऊनला गेले, नव्यानं सुटलेल्या गुलामांची वस्ती उभारायला. आपण सुटलो म्हणून थांबले नाहीत.

जेकब १८९२ साली आफ्रिकेतच वारला, मॅथ्यू १९३५ साली मोंबासात.

पहाटे मुकादमाचा डोळा लागतो. धागा तुटतो. बघणारं कुणी नसतं. मी उठतो आणि सांधतो. तेव्हा जेकबची आठवण येते. दोस्तहो, शरणपूर रोडनं जाल तेव्हा ही नावं एकदा तोंडानं घ्या. दगडावर ती नाहीत.