सालगड्याची सुट्टी

आमच्या यवतमाळकडे सालगडी गुढीपाडव्याला ठरतो. न आलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात. त्याचे पैसे कापतात. लहानपणी मला हा शब्द शिवीसारखा वाटे.

मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवार मिळाला. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आली, पण कारखान्यांपुरती. १९४८ च्या कायद्यात पगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस कामाची अट होती. आमच्या जिनिंगचा हंगाम दिवाळी ते उन्हाळा! रजा कागदावरच राहिली. नव्या संहितेत ती अट १८० वर आली.

शेतातला सालगडी मात्र या हिशोबात कधी आलाच नाही. पोळ्याला बैलांच्या मानेवरचे जू उतरते. त्यांना न्हाऊ घालणारा गडी त्या दिवशीही कामावरच असतो, नाही का?