गोधडीचे पदर

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या मोताळ्यात घरोघरचे माळे रिकामे होऊ लागतात. फुटकी मापे, गंजलेले कंदील, मुलांच्या जुन्या वह्या असे सगळे अंगणात येते आणि उन्हाला लागते. गेल्या वर्षी आमच्या माळ्यावरून एक गोधडी निघाली. एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला, रंग विटलेला. बोहारणीसाठी जुन्या कपड्यांचा ढीग घातला होता, त्यावर मी ती टाकणार, तोच ओसरीवरून माय म्हणाली, “काहून फेकतं रे बापू? तुह्या आज्याचं धोतर हाये त्याच्यात!”

मी हात आवरला. इतिहास शिकवणारा मी मास्तर. मुलांना सनावळ्या पाठ करायला लावतो. पण माझ्याच माळ्यावर चार पिढ्यांची बखर उंदरांच्या स्वाधीन होती, हे काही मला ठाऊक नव्हते.

गोधडी कशी होते हे आमच्या मुलखात कुणाला सांगायला नको. आमच्याकडे तिला कुणी वाकळ म्हणतात. वऱ्हाडी जिभेवर तीच ‘वाकय’ होते. जुने लुगडे जमिनीवर ताणून पसरायचे, त्यावर चिंध्यांचे थर सारखे मांडायचे, वरून दुसरे लुगडे घालायचे आणि कडेकडेने धावदोरा घालीत आत आत यायचे. ती विरली की उसवायची नाही. तिच्यावरच नवे कापड चढवायचे. त्यामुळे जुनी गोधडी बाहेरून सर्वांत नवी असते आणि पोटात सर्वांत जुनी.

उंदरांनी कुरतडलेला कोपरा मी जरा उकलून पाहिला. माय शेजारी बसून एकेक पदर ओळखीत गेली.

सर्वांत वरचा पदर तिच्या स्वतःच्या पातळाचा, पॉलिस्टरचा. हे कापड विरत नाही, पण घामही टिपत नाही. त्याखाली आजोबांचे गिरणीचे धोतर, धुऊन धुऊन मऊ झालेले. जमशेटजी टाटांनी १८७७ सालच्या १ जानेवारीला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापसाच्या मुलखाजवळच गिरणी हवी म्हणून. आज ती गिरणी बंद आहे. हे धोतर तिथलेच की मुंबईचे, हे सांगायला त्यावर शिक्का उरलेला नाही.

धोतराखाली एक जाडाभरडा तुकडा निघाला. माय म्हणाली, “हे कंट्रोलातलं. तुही आजी सांगे, लग्नातबी कापड मोजून भेटलं.” दुसऱ्या महायुद्धात कापड महागले, दडवले जाऊ लागले, म्हणून १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले. १९४८ च्या आरंभी ते उठवले, तर भाव असे भडकले की त्याच वर्षी पुन्हा लावावे लागले. त्या दिवसांत चिंधीलाही किंमत होती. आजीने तो तुकडा जपून ठेवला, त्यात नवल नाही.

अगदी आत, सुपारीएवढ्या भोकातून दिसला तो हातमागाच्या लुगड्याचा पदर. पणजीचा. तो पाहून माझ्या मनात एक प्रश्न आला, आणि तो अजून गेलेला नाही. आपला मुलूख कापसाचा. शेतात पांढरे सोने, आणि घरात पांघरायला चिंध्या! आमच्या लोकांनी कापसाच्याच रजया का भरल्या नाहीत?

उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ पर्यंत भुसावळहून नागपूरला लोहमार्ग पोचला. आपले मलकापूर, नांदुरा त्यावरचेच. १८७० साली खामगावचा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने उघडला. कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक याने तर त्याच सुमारास स्पष्ट लिहून ठेवले, की रेल्वे आली म्हणजे विलायती कापड इथल्या मागाच्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. तसेच झाले. त्यानंतर कापूस हे घरचे पीक राहिले नाही. सारा रोखीत भरायचा, सावकाराचे देणे रोखीत फेडायचे, म्हणून बोंड फुटले की कापूस बाजारात. तोच कापूस सातासमुद्रापार जाऊन कापड होऊन परत येई. शेतकरी ते विकत घेई, अंगावर विरवी, आणि शेवटी त्याची चिंधी बाईच्या सुईखाली येई. कापूस पिकवणाऱ्याच्या वाट्याला कापूस आला तो असा, चिंधी होऊन!

चिंधीला मात्र आपल्याकडे कुणी हलके मानले नाही. डोंगरापलीकडे अजिंठ्याच्या लेण्यांत जे भिक्खू राहिले, त्यांच्या संघात टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे जोडून चीवर करण्याची रीत होती. मगधातल्या शेतांचे बांध पाहून भगवान बुद्धांनी तसेच चीवर शिवायला आनंदाला सांगितले, असे विनयपिटकात आहे. आणि आपल्या वऱ्हाडचे डेबूजी, १८७६ साली शेंडगावला जन्मलेले, ठिगळांचे कपडे अंगावर घालून गावोगाव झाडू मारीत हिंडले. लोक त्यांना गोधडेबुवाच म्हणत. १९५६ साली ते गेले. आज आमच्या जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाखाली येतात त्याला गाडगेबाबांचे नाव आहे.

हे मी आज लिहितो. पण खरे सांगायचे तर शिकायला बुलढाण्याला वसतिगृहात राहिलो, तेव्हा हीच गोधडी आजीने माझ्या वळकटीत बांधून दिली होती. राजूर घाट चढताना एसटीत ती मांडीवर होती. खोलीतल्या मुलांच्या सोलापुरी चादरी पाहिल्या आणि मी ती पेटीमागे सारली. त्या थंडीत मी कुडकुडत निजलो, पण गोधडी उलगडली नाही. सुट्टीत घरी आलो तेव्हा आजीने विचारले, “ऊब लागते ना रे?” मी ‘हो’ म्हणालो. तिला जाऊन आता पंधरा वर्षे झाली. ते ‘हो’ अजून माझ्या अंगावर आहे.

आजी कधी शाळेत गेली नाही. सही करायची वेळ आली की अंगठा पुढे करी. पण तिचा धावदोरा पाहा: शेतातल्या तासासारखा सरळ, टाक्याला टाका लागून. तिने लिहिले असते तर असेच लिहिले असते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी सातवीच्या मुलांना घरची गोधडी आणायला सांगितले. प्रत्येकाने आजीला किंवा आईला विचारून यायचे, की कुठला तुकडा कुणाचा. पस्तीस मुलांपैकी अकरा जणांनी गोधड्या आणल्या. बाकीच्यांच्या घरी आता कारखान्यातली ब्लँकेटे आहेत. पोळ्याला बैलावर घालायची झूलही पुष्कळ घरी तयार आणतात. एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, हा तुकडा माझ्या काकाच्या शर्टाचा आहे. काका आता नाहीत.” पुढे ती बोलली नाही. वर्गही गप्प राहिला.

कुरतडलेला कोपरा मायने नीट केला आहे. ठिगळासाठी तिने माझा जुना सदरा मागितला. म्हणजे या दिवाळीला त्या गोधडीत मीही बसलो. यंदा माळ्यावर नाही, ती माझ्या अंथरुणावर आहे.