कटरने कुठून जायचं?

आमच्या प्रयोगशाळेत काही वर्षांपूर्वी एका उपकरणासाठी पोलादाची जाड पट्टी हवी होती. लांबी २०० मिलिमीटर, आणि तिच्या लांब कडेला ६० मिलिमीटर रुंदीची पायरी कापायची होती. म्हणजे एका बाजूला भिंत, बाकी तिन्ही बाजू उघड्या. कटरचा मार्ग आम्हीच कागदावर आखला. शेत नांगरतात तसा, एक तास इकडून तर पुढचं तिकडून. रिकामी फेरी नाही, वेळ वाचणार! वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी कागद पाहिला आणि म्हणाले, "साहेब, सगळे कट एकाच दिशेनं घेऊ या. येताना कटर हवेतून येऊ दे."

आम्हाला ही उधळपट्टी वाटली. पण नांगर आणि मिलिंगचा कटर यांत एक मोठा फरक आहे : कटर स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे जाताना आणि येताना त्याचे दात धातूत वेगवेगळ्या तऱ्हेने शिरतात. एका दिशेने जाताना दात शून्य जाडीपासून सुरुवात करतो, आधी थोडा घासतो, मग कापू लागतो. कीस शेवटी जाड होतो. याला 'कन्व्हेन्शनल' मिलिंग म्हणतात. उलट दिशेने गेल्यास दात सुरुवातीलाच जाड कीस घेतो आणि पातळ करत बाहेर पडतो. हे 'क्लाइम्ब' मिलिंग. घासणं नाही, म्हणून धार जास्त टिकते आणि पृष्ठभागही चांगला येतो. (ओतीव लोखंडाच्या कडक सालीवर मात्र हा हिशेब उलटतो. तिथे दाताने सालीखालून वर येणं बरं.) नागमोडी मार्गात या दोन्ही तऱ्हा आलटून पालटून येतात, कटरवरचा जोर दर फेरीला दिशा बदलतो.

मग पूर्वीचे कारागीर क्लाइम्ब मिलिंगला का भीत? टेबल सरकवणारा स्क्रू आणि त्याचा नट यांच्या आट्यांत थोडी फट असतेच. क्लाइम्ब करताना कटर टेबलाला आपल्याकडे ओढतो. फटीएवढं टेबल एकदम उडी मारतं आणि दात तुटतो. म्हणून कन्व्हेन्शनल कट घ्यायचा आणि चाक हातानं फिरवून टेबल मागे आणायचं. एका आट्याला ५ मिलिमीटर धरले, तर आमच्या पट्टीच्या एका परतीला ४४ फेरे!

कटरचा मार्ग आकड्यांनी सांगण्याची कल्पना मात्र वेगळ्याच गरजेतून आली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती बनत. पात्याचा छेद तपासायच्या साच्यासाठी नकाशावर वक्ररेषेचे १७ बिंदू दिलेले असत. फ्रँक स्टुलेन यांनी पंच कार्डांच्या यंत्रावर गणित करून ते २०० केले. मग एकानं आकडे वाचायचे आणि दोघांनी एकेक चाक फिरवायचं! १९४९ मध्ये हवाई दलाने पार्सन्सना हे काम यंत्राकडे सोपवण्यासाठी कंत्राट दिलं. त्यातून एमआयटीच्या सर्वोमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने १९५२ च्या सप्टेंबरमध्ये छिद्रांच्या पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं.

त्याआधीच, १९४६-४७ च्या सुमारास, जनरल इलेक्ट्रिकने दुसरी वाट चोखाळली होती. कुशल कारागिरानं पहिला नग स्वतः कापायचा, टेबलाच्या हालचाली चुंबकीय फितीवर टिपायच्या आणि पुढचे नग फितीवरून काढायचे. ही पद्धत मागे पडली. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ मधल्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या पुस्तकात म्हटलं की कारण निव्वळ तांत्रिक नव्हतं; मार्ग ठरवण्याचा अधिकार व्यवस्थापनाला कारागिराच्या हातून काढून घ्यायचा होता. आम्हाला हे अर्धंच पटतं. विमानाच्या पंखाचा दुहेरी वक्र हातानं चाकं फिरवून कापणं, कारागीर कितीही तयार असो, फार अवघड. पण साध्या उघड्या पायरीला तसली अडचण नव्हती.

पुढे डग्लस रॉस यांच्या गटाने एमआयटीत एपीटी ही भाषा रचली. फेब्रुवारी १९५९ मध्ये ती पत्रकारांना दाखवताना तिच्या साहाय्याने कापलेले ॲल्युमिनियमचे रक्षापात्र भेट म्हणून वाटले होते. या भाषेत 'कटर रेषेच्या डावीकडे ठेव' अशी एक आज्ञा आहे. ती भूमितीची वाटते, पण घड्याळाच्या दिशेने फिरणारा कटर भिंतीच्या डावीकडून नेला की क्लाइम्ब होतो. म्हणजे डावं-उजवं लिहिणारा दाताचं नशीबही लिहीत असतो, त्याला ते ठाऊक असो वा नसो. फट जवळजवळ नाहीशी करणारे बॉलस्क्रू अशा यंत्रांवर रुळले, तेव्हा जुनी भीतीही गेली.

आता आमचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. कटर २० मिलिमीटर व्यासाचा, प्रत्येक कट १० मिलिमीटर रुंद, म्हणजे ६ कट. दोन्ही टोकांना पूर्ण बाहेर पडायला प्रत्येकी २२० मिलिमीटर चाल. मिनिटाला ३०० मिलिमीटर वेगाने कापायला २६४ सेकंद लागतात. रिकाम्या परती ५. त्या मिनिटाला ६००० मिलिमीटरने होतात, म्हणजे मिळून ११ सेकंद. बाहेरच्या कडेकडून भिंतीकडे सरकत गेलं, तर परतीची वाट आधीच कापून मोकळी झालेली असते. चारी बाजूंनी बंद खळग्यात ही सोय नाही. तिथे कटरला आधी धातूत उतरावं लागतं.

आमची सगळी युक्ती ११ सेकंद वाचवायला निघाली होती. पट्टी मिस्त्रींच्या मार्गाने कापली. आणि त्याच धारेवर पुढच्या दोन पट्ट्याही निघाल्या.