प्रांतविचार आणि दप्तर : कै. धनंजयराव गाडगीळ यांच्या कार्याचें एक अंग

राज्यकारभाराच्या इतिहासाचीं साधनें मुख्यतः दोन प्रकारचीं असतात. पहिला प्रकार शास्त्राचा. कारभार कसा असावा हें त्यांत सांगितलेलें असतें. दुसरा प्रकार दप्तराचा. कारभार प्रत्यक्षांत कसा चालला हें त्यांत उमटलेलें असतें. शास्त्र जपण्याकडे विद्वानांचा ओढा असतो व दप्तर सांभाळणें हें कारकुनांचें काम समजलें जातें. परंतु दप्तरावांचून शास्त्र आंधळें राहतें, हें ज्यांच्या आयुष्यक्रमावरून स्पष्ट दिसतें असे एक विद्वान् म्हणजे कै. धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–१९७१) होत. अर्थशास्त्रज्ञ, सहकाराचे पुरस्कर्ते व नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष या नात्यांनीं त्यांचें नांव सर्वश्रुत आहे. प्रस्तुत लेखांत त्यांचें समग्र चरित्र देण्याचा हेतु नाहीं. जुन्या कागदांचा संग्रह व शोध करणाऱ्या आपल्यासारख्यांनीं त्यांच्या कार्यापासून काय घ्यावें, एवढाच प्रश्न येथें विचारार्थ घेतला आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत समाहर्त्याचीं कर्तव्यें सांगतांना ‘गोप’ नांवाच्या अधिकाऱ्याचें वर्णन आलें आहे. त्याच्याकडे पांच किंवा दहा गांवें असावीं. गांवाच्या सीमा, शेतें, घरें, घरांतील माणसें, त्यांचे व्यवसाय, आय व व्यय या सर्वांची नोंद त्यानें ठेवावी, अशी तेथें आज्ञा आहे. प्रांताचा विचार घरापासून सुरू झाला पाहिजे हें तत्त्व इतक्या प्राचीन काळीं इतक्या स्पष्टपणें मांडलेलें पाहून कोणाही संस्कृताभ्यासकास अभिमान वाटेल. परंतु त्या गोपांनीं लिहिलेल्या पटांपैकीं एकही आज आपल्या हातीं नाहीं. शास्त्र उरलें, पट गेले. त्यामुळें ही आज्ञा कितपत पाळली जात होती, कोणत्या गांवीं किती घरें होतीं, कोणता प्रदेश संपन्न व कोणता दरिद्री होता, यांविषयीं कौटिल्याच्या आधारें आपणांस निश्चित असें कांहींच सांगतां येत नाहीं.

पेशवाईची स्थिति याच्या नेमकी उलट आहे. त्या काळीं कारभारावर कौटिल्यासारखा शास्त्रग्रंथ कोणी रचला नाहीं. पण पुण्याच्या दप्तरांत परगण्यांचे ताळेबंद, अजमास, बेहेडे, गांवझाडे व जमाबंदीचे कागद हजारों रुमालांत बांधून राहिले आहेत. पडजमीन लागवडीस आणण्यासाठीं रयतेस कौल द्यावा, पहिल्या वर्षीं सारा अल्प घेऊन पुढें दरसाल चढवीत न्यावा, म्हणजे इस्तावा ठरवावा, आणि बैलबियाण्यासाठीं तगाई द्यावी, ही रीति त्या कागदांत ठिकठिकाणीं दिसते. आज ज्यास आपण प्रादेशिक विकास म्हणतों त्याचाच हा जुना व्यवहार होय. येथें पट उरले. शास्त्र मात्र कोणी लिहून ठेवलें नाहीं.

इ. स. १९३० सालीं पुण्यांत दोन स्वतंत्र गोष्टी घडल्या. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे खंड प्रसिद्ध होऊं लागले व १९३४ पर्यंत त्यांची संख्या पंचेचाळीस झाली. त्याच १९३० सालीं रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगींतून भारत सेवक समाजाच्या आवारांत गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली व तिचे संचालक म्हणून धनंजयराव गाडगीळ आले. एक कार्य भूतकाळाचें, दुसरें वर्तमानाचें. परंतु आज दोहोंकडे एकत्र पाहिलें असतां एक महत्त्वाचा भेद ध्यानांत येतो व तोच या लेखाचा गाभा आहे.

गाडगिळांचा जन्म नाशिकचा, बालपण नागपूरचें. उच्च शिक्षण केंब्रिज येथें झालें. तेथें लिहिलेल्या प्रबंधावरून हिंदुस्थानच्या अर्वाचीन औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें मुंबई सरकारच्या अर्थखात्यांत अल्पकाळ नोकरी आणि सुरतेच्या महाविद्यालयाचें प्राचार्यपद, असा अनुभव घेऊन ते पुण्यास आले. पहिल्या ग्रंथांत त्यांनीं सबंध देशाचा विचार केला होता. पुण्यास आल्यावर मात्र त्यांनीं हातीं घेतलेले विषय पाहतां कोणासही क्षणभर आश्चर्य वाटावें. १९३३ सालीं पुण्यांतील फळांच्या विक्रीची पाहणी, १९३५ सालीं मुंबई इलाख्यांतील सहा जिल्ह्यांच्या मोटारवाहतुकीची पाहणी, १९४० सालीं वाई तालुक्यांतील शेतीच्या हिशेबाची पाहणी. एवढ्या मोठ्या विद्वानानें फळबाजार व मोटारी यांची मोजदाद करीत बसावें काय, असा प्रश्न मनांत येणें शक्य आहे. परंतु गोपाचें काम तरी दुसरें कोणतें होतें ?

या पाहण्यांना पूर्वपरंपरा होती. डॉ. टॉमस कोट्स याचा लोणी गांवाविषयींचा निबंध १८२३ सालीं मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथांत छापला गेला, डॉ. हॅरल्ड मान यानें पुण्याजवळील पिंपळे सौदागर गांवाची पाहणी १९१७ सालीं प्रसिद्ध केली. गाडगिळांनीं या परंपरेस संस्थेचें स्वरूप दिलें. एका व्यक्तीच्या आस्थेवर जें काम अवलंबून होतें तें वर्षानुवर्षें चालणारें झालें. पुणें शहराच्या सामाजिक व आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५ सालीं व दुसरा १९५२ सालीं निघाला. पुढें सोवनी, आपटे व पेंडसे यांनीं त्याच शहराची फेरपाहणी करून ती १९५६ सालीं प्रसिद्ध केली. एका स्थळाची दोन वेळां, एकाच दृष्टीनें केलेली मोजणी हातीं असली म्हणजे काळाचा परिणाम मापतां येतो. एरवीं तो केवळ अनुमानाचा विषय होतो.

आतां त्या पद्धतीचें मर्म. शहरांतील प्रत्येक घर तपासणें अशक्य असल्यामुळें कांहीं घरें निवडावीं लागतात. आपल्या शास्त्रकारांचा स्थालीपुलाकन्याय प्रसिद्ध आहे : शितावरून भाताची परीक्षा. परंतु हा न्याय लागू पडण्यास एक अट आहे. भांडें एक असावें व आंच सर्वत्र सारखी लागलेली असावी. शहर किंवा परगणा हें असें एकसारखें भांडें नव्हे. तेथें वरचें शीत काढून चालत नाहीं; तळाचें, कडेचें, मधलें अशीं शितें नियमानें काढावीं लागतात. निवड आवडीनें न करतां नियमानें करणें, हाच नमुनापाहणीचा प्राण आहे.

येथें पूर्वोक्त भेद स्पष्ट होतो. पेशवे दप्तराच्या पंचेचाळीस खंडांतील निवड राजकीय इतिहासाच्या प्रयोजनानें झाली. काळ थोडा, द्रव्य थोडें व कागदांचा डोंगर समोर. अशा स्थितींत सरदेसायांनीं जें केलें त्याचें ऋण फिटणारें नाहीं. तथापि त्या खंडांवरून मोहिमा व तह जितके कळतात तितके परगण्यांचें उत्पन्न व रयतेची स्थिति कळत नाहीं. आपण संग्राहकांनीं तर याहून पुढें मजल मारली आहे. ज्यावर मोर्तब आहे, ज्यांत थोर पुरुषाचें नांव आहे, ज्याचें अक्षर वळणदार आहे, तो कागद आपण घेतों. त्याच रुमालांतील रोजकीर्द, खतावणी व झाडा मागें ठेवतों. म्हणजे आपण वरचींच शितें काढतों, आणि मग भात कसा झाला होता हें मोठ्या आत्मविश्वासानें सांगतों.

हिशेबी कागदांतून काय निष्पन्न होऊं शकतें याचा दाखला गाडगिळांच्याच कार्यांत आहे. गोदावरी व प्रवरा यांच्या कालव्यांपासून होणाऱ्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी त्यांनीं केली व ती १९४८ सालीं प्रसिद्ध झाली. कालव्याची पाणीपट्टी सरकारजमा किती झाली, एवढ्यावरच त्याची किंमत ठरवूं नये. पाण्यामुळें शेतींत, मजुरींत व व्यापारांत जी भर पडते तीहि मोजली पाहिजे, हा त्यांतील मुद्दा होय. जमाखर्चाच्या वहीस प्रदेशाच्या हिताची वही जोडण्याचा हा प्रयत्न होता. त्याच सुमारास प्रवरेच्या कांठीं लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनीं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना काढण्याचें मनावर घेतलें. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले व १९५०-५१ सालीं पहिला गळीत हंगाम पार पडला. ज्या प्रदेशाचे आंकडे त्यांनीं मांडले त्याच प्रदेशांत विद्वान् व शेतकरी एका बैठकीवर बसले. पाहणीचें फळ पाहणी झालेल्यांच्या पदरीं पडल्याचें असें उदाहरण विरळा.

१९६७ सालीं ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. तोंपर्यंत राज्यांच्या योजनांस केंद्राकडून मिळणारें साह्य योजनावार ठरत असे. त्यास एक निश्चित प्रमाण नव्हतें. गाडगिळांच्या पुढाकारानें जें सूत्र चौथ्या योजनेपासून (१९६९–७४) लागू झालें तें त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांच्या गरजेपुरती रक्कम बाजूस काढून उरलेल्या साह्याचे शेंकडा ६० भाग लोकसंख्येवर, १० दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांस, १० करवसुलीच्या प्रयत्नावर, १० चालूं असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीजप्रकल्पांसाठीं व १० राज्यांच्या विशेष अडचणींसाठीं, अशी वांटणी ठरली. साह्यांत ३० भाग अनुदान व ७० भाग कर्ज असे. याच काळांत, १९६९ सालीं, त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटानें पेढ्यांनीं जिल्हा हा घटक धरून काम करावें अशी शिफारस केली व तींतून अग्रणी बँक योजना निघाली. फळबाजाराच्या मोजणीपासून सुरू झालेला क्रम असा देशाच्या वांटणीपर्यंत पोंचला. पण पायरी मध्यें कोठेंहि गाळली गेली नाहीं. ३ मे १९७१ रोजीं दिल्लीहून परत येत असतां प्रवासांतच त्यांचें निधन झालें.

सूत्रांत उणें नव्हतें असें नाहीं. राज्य हा घटक धरला कीं राज्याच्या पोटांतील विषमता सरासरींत झांकून जाते. महाराष्ट्रांत हें फार लवकर प्रत्ययास आलें. प्रादेशिक असमतोलाची तपासणी करण्यासाठीं वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमावी लागली व १९८४ सालीं तिनें अहवाल दिला. दांडेकर हे गोखले संस्थेच्याच परंपरेंतले. रस्ते, पाटबंधारे, वीज, शिक्षण, आरोग्य अशा बाबींत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागें आहे हें काढून समितीनें एकंदर ३,१८६.७८ कोटि रुपयांचा अनुशेष दाखविला. त्या आंकड्यावर वाद झाले. परंतु वादालासुद्धां जिल्हावार नोंद असावी लागली. गुरूचें सूत्र जेथें थांबलें तेथून त्याच परंपरेंतील विद्वानानें गुरूच्याच पद्धतीनें पुढें पाऊल टाकलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पुढें सूत्र सुधारलें गेलें आणि २०१५ च्या आरंभीं नियोजन मंडळाची जागा नीति आयोगानें घेतली. सूत्रें अशीं येतात व जातात. मूळ नोंदी राहिल्या तर नवें सूत्र करतां येतें.

यावर कोणी म्हणेल, आंकडे हा अर्थशास्त्रज्ञांचा विषय. इतिहाससंशोधकांनीं त्यांत कां पडावें? उत्तर सोपें आहे. अमुक प्रदेश पूर्वीपासून मागासलेला होता किंवा अमुक राजवटीनें त्यास बुडविलें, हीं विधानें आजच्या वादांत नित्य केलीं जातात, आणि तीं ऐतिहासिक विधानें आहेत. त्यांचा निर्णय करणारे कागद परगण्यांच्या दप्तरांत, देशपांड्यांच्या वाड्यांत व कुळकर्ण्यांच्या माळ्यांवर आहेत, आणि ते दरसाल कसरीच्या व रद्दीवाल्याच्या स्वाधीन होत आहेत. विदर्भाचें, मराठवाड्याचें, कोंकणाचें पूर्वींचें उत्पन्न काय होतें हें सांगण्याचा अधिकार आपण कागदाबरोबरच गमावीत आहों.

म्हणून संग्राहकांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, रुमाल फोडूं नये. त्यांतील पत्रें एकाकडे व हिशेब दुसऱ्याकडे गेले म्हणजे दोन्ही मुके होतात. दुसरी, कागद कोणत्या गांवीं, कोणाच्या घराण्यांत व कोणत्या इतर कागदांबरोबर मिळाला याची नोंद त्याच दिवशीं करावी. स्थळावांचून आंकडा म्हणजे नांवावांचून पत्र. तिसरी, विसाव्या शतकांतील पाहण्यांचे मूळ तक्ते, हातानें भरलेल्या प्रश्नपत्रिका व तालुक्यांच्या नोंदवह्या याहि हस्तलिखितेंच समजाव्या. छापील अहवालांत बेरजा असतात. ज्या घरांपासून त्या बेरजा झाल्या तीं घरें मूळ तक्त्यांतच असतात. आणखी दीडशें वर्षांनीं त्यांचें मोल आज ताळेबंदांचें आहे तेंच होईल.

मोडी वाचतां येणारे हात अजून पुष्कळ आहेत. त्यांपैकीं प्रत्येकानें एका गांवाच्या दहा वर्षांच्या जमाबंदीचें जरी लिप्यंतर केलें, तरी गोपाचा जो पट आपल्या हातून एकदां निसटला तो दुसऱ्यांदां निसटणार नाहीं.